शेजाऱ्याचा आकडा आपल्या नळीत चालतो का? बंदुकीची दारू, लॉट आणि रायफल

टिळकवाडी_प्रोन
नमस्कार मंडळी. ५० मीटर, .२२ ची रायफल, प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं). कंपनी तीच, डब्यावरचं नाव तेच, फक्त जुना लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) संपून नवा उघडला आणि ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) उभा ताणायला लागलाय. आडवा होता तेवढाच आहे, वर-खाली मात्र जवळपास दीडपट. स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू, ट्यूनर (नळीच्या तोंडावरचं सरकतं वजन), साइट, कशालाच हात लावलेला नाही.
बाहेरदेशी लांब पल्ल्याचे लोक दारू स्वतः भरतात, दशांश ग्रेनने (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) कमी-जास्त करून रायफलीला बसवून घेतात. आपल्याला .२२ मध्ये तसं काही करता येईल काय? ३०० मीटरच्या रायफलीत? आणि करता येत नसेल तर ते लोक पावडर निवडतात कशी, वाढवत नेतात कशी, एवढं तरी नीट सांगा की ओ. तुकड्या-तुकड्यांत ऐकून डोकं फिरलंय.

आर्मरर_काका
आधी कायदा, मग बाकी. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. रायफलीचा परवाना हा गोळी विकत घेण्याचा आणि बाळगण्याचा असतो, बनवण्याचा नव्हे. दारू बाळगणं हा स्फोटक कायद्याचा वेगळा विषय. त्यामुळे बेळगाव असो, कोल्हापूर असो, घरात प्रेस (गोळ्या भरायचं यंत्र) आणि पावडरचा डबा आणायचा विचार इथंच सोडा.
आता .२२. कायदा नसता तरी जमलं नसतं. मोठ्या रायफलीच्या पुंगळीला (गोळीच्या पितळी नळकांड्याला) तळाच्या मधोमध प्राइमर (पेटवणारी टिकली) असतो, तो काढून नवा बसवता येतो. .२२ मध्ये पेटणारा मसाला काठाच्या आत, वळशात फिरवून भरलेला असतो. फायरिंग पिन तो काठच चेमटवते. चेमटलेली पुंगळी म्हणजे भंगार.

उद्यमबाग_लेथ
काकांचं बरोबर. पण ग्रुप उभाच का ताणला याचं गणित कागदावर करण्यासारखं आहे.
मॅचची .२२ नळीतून साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेखाली साडेबारा सेंटिमीटर येते. वेग बदलला की हे खाली येणं दुप्पट प्रमाणात बदलतं: वेगात ३ टक्के फरक, तर पडण्यात ६ टक्के. म्हणजे दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल तर टार्गेटवर ७ ते ८ मिलिमीटर उभा फरक.
आता ५० मीटरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, गोळी ५.६ मिलिमीटर. गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा लागतो, आणि दशांशाची प्रत्येक पायरी ०.८ मिलिमीटरची. हात अजिबात न हलता, नुसत्या वेगाच्या फरकाने १०.९ चा १०.० झाला.
डब्यावर छापलेला वेग हा लॉटचा सरासरी वेग. जुन्यावर १०५५ आणि नव्यावर १०७० फूट असेल तर घाबरू नका. सगळा ग्रुप साडेतीन मिलिमीटर वर सरकेल, साइट फिरवली की झालं. त्रास देतो तो एकाच डब्यातल्या गोळी-गोळीतला फरक, आणि तो डब्यावर छापत नाहीत.

निपाणीकर_परदेशी
मी सध्या जिथं आहे तिथं भरणी कायदेशीर आहे, क्लबात रोजचं काम आहे, म्हणून पावडरचं, म्हणजे दारूचं, मी सांगतो. समजून घेण्यापुरतं घ्या.
पावडर निवडताना पहिला प्रश्न जळण्याच्या वेगाचा. लहान पुंगळी, हलकी बुलेट (पुढं उडणारं टोक): लवकर जळणारी पावडर. मोठी पुंगळी, जड आणि लांब बुलेट: सावकाश जळणारी. जड बुलेट जागची हलायला वेळ घेते. तिच्यामागे लवकर जळणारी पावडर घातली तर बुलेट सरकायच्या आतच दाब शिखरावर जातो. सावकाश जळणारी पावडर दाब पसरवते, बुलेटला नळीभर ढकलत नेते. .३०८ मध्ये (मोठ्या रायफलीची एक गोळी) १६८ ते १७५ ग्रेनच्या बुलेटमागे मध्यम वेगाच्या कांडीदार पावडरी चालतात, वारगेट किंवा विहतावुओरी एन १४० या जातीच्या. ६.५ क्रीडमूरमध्ये (तशीच दुसरी गोळी) १४० ग्रेनमागे त्याहून सावकाश, एच ४३५० ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध.
दुसरा प्रश्न पुंगळी किती भरते. हव्या त्या वेगाला जी पावडर पुंगळी ९० ते १०० टक्के भरते ती बरी. अर्धी रिकामी पुंगळी असेल तर दारू कधी प्राइमरकडे, कधी बुलेटकडे कलते आणि प्रत्येक बाराला पेट वेगळा घेते. शिवाय भरलेल्या पुंगळीत चुकून दुप्पट माप पडलं तर दारू बाहेर सांडते, डोळ्याला दिसते. अर्ध्या पुंगळीत ते लपतं. माझ्या मते निवडीचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण.
तिसरा, उन्हाचा. काही पावडरी तापल्या की दाब चढवतात. थंडीच्या सकाळी सुरक्षित बसलेलं माप एप्रिलच्या दुपारी, गरम चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते त्या जागेत) दोन मिनिटं पडून राहिलेल्या गोळीत, मर्यादेबाहेर जातं. वारगेट आणि एच ४३५० या ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या पावडरी तापमानाला कमी हलतात म्हणूनच लांब पल्लेवाल्यांना आवडतात. नायट्रोग्लिसरीन मिसळलेल्या, एन ५५० सारख्या पावडरी वेग जास्त देतात, त्या बदल्यात नळीचा घसा (चेंबरच्या लगेच पुढचा भाग) लवकर खातात.
आणि नावात फसू नका. एच ४३५०, आयएमआर ४३५० आणि ॲक्युरेट ४३५० या तीन वेगवेगळ्या पावडरी आहेत. आकडा एक, माप एक नव्हे. ४८३१ चीही तीच गत. जळण्याच्या वेगाचे तक्ते मिळतात, त्यात फक्त क्रम असतो. शेजारच्या ओळीतली पावडर त्याच मापाने भरता येत नाही.

टिळकवाडी_प्रोन
दादा, एकदम झकास. पण मग ज्यानं एवढं करून ठेवलंय त्याचाच आकडा का घेत नाहीत लोक? तीच रायफल, तीच बुलेट, तीच पावडर.

निपाणीकर_परदेशी
कारण तीच रायफल नसते. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन नळ्यांचा घसा आणि चेंबर काही मायक्रॉनने वेगळे असतात, आणि दाबाला तेवढं पुरतं. पुंगळी वेगळी असेल तर आणखी फरक. लष्करी ७.६२ च्या पुंगळीची भिंत बहुधा जाड, आतली जागा कमी. .३०८ च्या पातळ पुंगळीत बेतलेलं माप तिच्यात घातलं तर दाब वर. प्राइमर मॅग्नम घातला, दाब वर. बुलेट पुढं ओढून नळीच्या आतल्या पिळाच्या आट्यांना टेकवून बसवली, दाब वर. समोरच्याचा आकडा तोंडी येतो तेव्हा यातलं काहीच सोबत येत नाही.
काम करायची रीत अशी. पावडर कंपनीचं किंवा बुलेट कंपनीचं छापील माप काढायचं. त्यात सुरुवातीचं माप आणि कमाल माप दिलेलं असतं. सुरुवातीचं दिलेलं नसेल तर कमालाच्या दहा टक्के खालून. .३०८ एवढ्या पुंगळीत पायरी ०.३ ग्रेनची ठेवायची, कमालाजवळ ०.२ ची. प्रत्येक पायरीची एकेकच गोळी भरून, वेगमापक लावून, खालून वर झाडत जायचं. प्रत्येक बारानंतर बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उचलून बघायचा, पुंगळीचा तळ भिंगाखाली धरायचा, मगच पुढची. जास्त दाबाची एक जरी खूण दिसली तरी थांबायचं आणि वरच्या पायऱ्यांच्या गोळ्या घरी नेऊन उघडायच्या. भरल्यात म्हणून झाडून टाकू, असं करायचं नाही.
बहुतेक लोक इथं चुकतात: खूण दिसली नाही म्हणून चढत राहतात. वेगमापक छापील कमाल वेग दाखवायला लागला की तिथंच कमाल झालं, माप छापील कमालापेक्षा कमी असलं तरी. जास्तीचा वेग फुकट येत नाही. तो दाबातूनच येतो.
खाली जायलाही मर्यादा आहे. सावकाश जळणारी पावडर छापील सुरुवातीपेक्षा फार कमी भरली तर दाब उसळून रायफल फुटल्याच्या नोंदी आहेत. कारणावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण सल्ला एकच: सुरुवातीच्या मापाखाली जाऊ नका.

उद्यमबाग_लेथ
मापं पण द्या की ओ, आम्हा लेथवाल्यांना त्याशिवाय चैन पडत नाही.

निपाणीकर_परदेशी
घ्या. .३०८ ची पुंगळी जास्तीत जास्त ५१.१८ मिलिमीटर लांब, कापून ५०.९३ वर आणतात. झाडल्यावर पितळ पुढं वाहतं, मान लांबते. जास्त लांबलेली मान चेंबरच्या टोकाला अडून बुलेटवर आवळली जाते आणि दाब एकदम चढतो. भरलेल्या गोळीची एकूण लांबी कमाल ७१.१२ मिलिमीटर. ६.५ क्रीडमूरची पुंगळी ४८.७७, गोळी ७१.७६.
डायमध्ये (साच्यात) पुंगळी पुन्हा आवळताना खांदा (मानेखालचा उतार) फक्त ३० ते ५० मायक्रॉन मागं ढकलायचा. त्याहून जास्त ढकलला तर गोळी चेंबरमध्ये सैल बसते, प्रत्येक बाराला पुंगळी तळाजवळ ताणली जाते, आणि काही फेऱ्यांनी तळाच्या थोडं वर आतून घळ पडते. बाहेरून ती चकचकीत रेघेसारखी दिसते. टोक वाकवलेल्या तारेने आतून चाचपलं तर अडकते. अशी पुंगळी पक्कडीने चेपून मगच टाकायची, नाहीतर पुन्हा ढिगात जाते.
मान बुलेटला साधारण ५० मायक्रॉनने आवळून धरते. प्राइमर तळाच्या पातळीपेक्षा किंचित, ७५ ते १२५ मायक्रॉन आत. बोट फिरवलं तर खळगा लागला पाहिजे.
वजन: एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, दशांश ग्रेन म्हणजे ६.५ मिलिग्रॅम. इलेक्ट्रॉनिक काटा चालू करून अर्धा तास तापू द्यायचा, पंखा बंद, मोबाईल लांब, आणि दर दहा मापांनी तपासणीचं वजन ठेवून बघायचं.

वडगावची_ताई
खडेबाजारात सराफ पंखा बंद करून गुंजभर सोनं मोजतो ना, अगदी तेच.

आर्मरर_काका
दाबाच्या खुणांबद्दल एक इशारा. लोक प्राइमर चपटा झाला की नाही एवढंच बघतात. मऊ कपाचा प्राइमर कमी दाबालाही चपटा होतो, कडक कपाचा जास्त दाबालाही गोल राहतो. पिनच्या खड्ड्याभोवती कडा उठली, तरी ती पिनचं भोक सैल असल्यामुळे असू शकते. जास्त भरवशाच्या खुणा: बोल्ट उचलताना जड लागणं, पुंगळीच्या तळावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) चकचकीत गोल ठसा, आणि पुन्हा भरताना प्राइमरची जागा ढिली लागणं. पण बोल्ट अडकला म्हणजे मर्यादा जवळ आली असं समजू नका. ती केव्हाच मागं पडली. .३०८ ची ठरवलेली कमाल ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .२२ ची २४,०००. अडीचपट दाब तोंडापासून वीतभर अंतरावर कोंडलेला असतो. तिथं अंदाज नको.
भरणीच्या टेबलावर एका वेळी एकच पावडर. काम संपलं की मापकातली उरलेली दारू तिच्याच मूळ डब्यात परत. लेबल नसलेली दारू ओळखीच्या रंगाची वाटली तरी वापरायची नाही. पिस्तुलाची पावडर रायफलीच्या पुंगळीत गेली तर रायफल उरत नाही.

चिकोडी_अक्का
आकड्यांचं मी बोलते, कारण इथं भरणीवाले आणि आपण .२२ वाले दोघंही सारखेच फसतो.
एकाच डब्यातल्या, एकाच रायफलीतल्या गोळ्या घ्या. तीन गोळ्यांचा ग्रुप, पाचांचा आणि दहांचा, यांची सरासरी रुंदी २.४ : ३.१ : ३.८ या प्रमाणात येते. दहांचा ग्रुप पाचांच्या ग्रुपपेक्षा चोवीस-पंचवीस टक्के मोठा दिसणारच, गोळी तीच असून. त्यामुळे जुन्या लॉटचा पाचांचा कागद आणि नव्याचा दहांचा शेजारी ठेवून “नवा वाईट” म्हणणं चूक. टिळकवाडी, तुझं नेमकं हेच झालं नाही ना, बघ.
वेगाचंही तेच. पाच बारांवरून वेगाचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ३ मीटर प्रति सेकंद आलं तर खरं विचलन १.८ ते ८.६ यांत कुठंही असू शकतं. वीस बार मोजले तर ती खिडकी २.३ ते ४.४ एवढी लहान होते. तीन-तीन गोळ्यांवर “या मापाला रायफल शांत होते” असं सांगणारे तक्ते पुष्कळ फिरतात. त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडले तर वेगळंच सांगतील.

निपाणीकर_परदेशी
अक्कांशी सहमत. म्हणून शेवटचं माप ठरलं की त्याचे वीस तरी बार एकदम मोजायचे. ३०० मीटरला १० मीटर प्रति सेकंदाचा फरक ६.५ मध्ये जेमतेम २ सेंटिमीटर उभा दिसतो, आणि तिथलं दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं. हजार यार्डांवर मात्र तोच फरक २० सेंटिमीटरच्या आसपास जातो. किती काटेकोर व्हायचं ते अंतर ठरवतं.
पावडर, पुंगळी, बुलेट, प्राइमर यांतलं काहीही बदललं, अगदी त्याच पावडरचा नवा लॉट आला, तरी खाली उतरून पुन्हा चढायचं.

टिळकवाडी_प्रोन
अक्का, पकडलंत. जुने कागद पाचांचे आहेत, नवे दहांचे. 🙏 तरी दीडपट म्हणजे पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्तच. आता नीट तपासणी कशी करू? आपल्याकडे रायफलीला क्लॅम्प लावून झाडायची सोय नाही.

खानापूर_घाट
क्लॅम्प नसला तरी चालतं, रीत पाळली पाहिजे. वारा हा पहिला शत्रू. १ मीटर प्रति सेकंदाचा आडवा वारा, गालाला जेमतेम जाणवतो तेवढा, .२२ ला ५० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर ढकलतो. म्हणजे जवळपास पूर्ण एक वर्तुळ. तपासणी पहाटेची, वारा सुटायच्या आत. आषाढात तर करूच नका, झाडं हलायची थांबतच नाहीत.
मागच्या तपासणीनंतर नळी साफ केली असेल तर आधी दहा-वीस बार वाया घालवा. कंपनी बदलत असाल तर पंधरा-वीस बार नक्कीच. इलीच्या टेनेक्स या .२२ च्या मॅच गोळीवर मेण आणि चरबीचा लेप असतो, दुसऱ्या कंपन्यांचं वंगण वेगळं असतं. आधीचा थर नळीतून जाऊन नवा बसेपर्यंत ग्रुप खरं बोलत नाही.
चार लॉट असतील तर एका लॉटच्या सलग चाळीस झाडून दुसऱ्याकडे जाऊ नका. नळी तापते, हात थकतो, वारा बदलतो, आणि शेवटच्या लॉटला सगळ्याची शिक्षा. लॉट क, ख, ग, घ अशी दहा-दहाची फेरी, मग उलट्या क्रमाने दुसरी, असे प्रत्येकी चार ग्रुप. मित्राला डबा झाकून गोळ्या द्यायला सांगा, कुठला लॉट आहे हे आपल्याला कळता कामा नये. मनाला आवडलेल्या लॉटला बोट आपोआप सांभाळून दाबतं.
मोजताना ग्रुपची बाहेरची कड ते बाहेरची कड व्हर्निअरने मोजून ५.६ वजा करा. उत्तर १६ मिलिमीटरच्या आत असेल तर तो सगळा ग्रुप दहाच्या वर्तुळात बसू शकतो. त्याहून महत्त्वाचं, उभी आणि आडवी रुंदी वेगळी लिहा. आडवी ताणली तर वारा किंवा ट्रिगर. उभी ताणली तर वेग, श्वास, नाहीतर स्टॉकचे स्क्रू. स्क्रू टॉर्क रेंचनेच, बहुतेक स्टॉकना ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, पण रायफलीच्या कागदावर काय दिलंय ते आधी बघा.

उद्यमबाग_लेथ
यात ट्यूनरची भर. ट्यूनर नळीच्या तोंडाशी वजन पुढं-मागं करून तोंडाची थरथर बदलतो. नीट बसला तर हळू गोळी निघताना तोंड किंचित वर असतं, वेगाच्या फरकाचा काही भाग आपोआप भरून निघतो. जुन्या लॉटला बसलेला आकडा नव्याला बसेलच असं नाही. आधी लॉट निवडा, मग ट्यूनर. दोन्ही एकदम फिरवलं तर कशाचा गुण आला ते कळत नाही.

चिकोडी_अक्का
आणि दंडाचा पट्टा. प्रोनमध्ये पट्टा एक भोक घट्ट-सैल झाला तरी ग्रुप सरकतो. तपासणीभर तेच भोक, तीच चटई, तोच जॅकेट.

हुक्केरी_एअर
मध्येच विचारते, माफ करा. मी १० मीटर एअर रायफल करते. आम्हाला दारू नाही, काही नाही, तर हे लॉटचं प्रकरण छर्ऱ्यालाही लागू आहे काय?

वडगावची_ताई
आहे गं, आणि तुला तर परवान्याचीही भानगड नाही. साडेचार मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंत एअर रायफलला परवाना लागत नाही, तुझी मॅच रायफल साडेसात-आठ ज्यूलची. ०.५३ ग्रॅमचा छर्रा, १७० ते १७५ मीटर वेग.
छर्ऱ्याचं डोकं ४.४८ पासून ४.५२ पर्यंत वेगवेगळ्या मापांत येतं. आर डब्ल्यू एस, एच अँड एन किंवा दुसऱ्या कुणाचाही असो, आधी ४.४९, ४.५० आणि ४.५१ चे छोटे डबे आण. दहा मीटरवर दशांशाची पायरी ०.२५ मिलिमीटरची. म्हणजे ग्रुप मध्यापासून मध्यापर्यंत अडीच मिलिमीटरच्या आत आणि नीट केंद्रात असेल तर प्रत्येक बार १०.५ किंवा वर. चांगला छर्रा चांगल्या नळीत टेकवून झाडला की एवढं सहज जमतं. जमत नसेल तर माप बदल. वेगाचा फरक इथं लहान दिसतो: २ मीटर प्रति सेकंद म्हणजे ०.४ मिलिमीटर. पण ती दीड पायरी झाली, आणि साठ बारांत ती साठदा येते.
छर्रा हातात घेऊन घागऱ्याची (मागच्या पसरट भागाची) कड बघ. थोडी चेपलेली असेल तर बाजूला, सरावाला. डबा बसमध्ये निपाणीपर्यंत बॅगेत खडखडत नेला तर निम्मे छर्रे चेपतात, फोम घाल. छर्रा अंगठ्याने सरळ ढकल, तिरका शिरला तर कड कापली जाते.

हुक्केरी_एअर
आणि हवेचा सिलिंडर? २०० बार दाबाला भरते, शेवटी शेवटी छर्रे खाली पडतात.

वडगावची_ताई
रेग्युलेटरला (दर बाराला सारखा दाब देणाऱ्या भागाला) लागणाऱ्या दाबाखाली सिलिंडर गेला की वेग पडतोच. कुठल्या दाबाला पडायला लागतो ते एकदा वेगमापकावर बघून काट्यावर खूण कर, आणि त्याच्या वर असतानाच परत भर. पावसाळ्यात हातपंपाने भरत असशील तर पंपाचा पाणी शोषणारा फिल्टर बदल. बेळगावची जूनची हवा म्हणजे निम्मं पाणी, ते रेग्युलेटरमध्ये जाऊन बसतं. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, मुदत संपली की तो स्पर्धेत चालत नाही आणि भरूही नये.

टिळकवाडी_प्रोन
एक शंका राहिली. नव्या लॉटच्या गोळ्या काट्यावर वजन करून वेगळ्या काढल्या तर? किंवा दोन-चार उघडून दारू मोजली तर?

आर्मरर_काका
उघडायच्या अजिबात नाहीत. काठात मसाला आहे, पक्कडीत दाबला तर हातात पेटेल. आणि परत भरणं म्हणजे परत कलम ५.
वजन करून फारसं काही हाती लागत नाही. शिसंच २.६ ग्रॅम, त्यातला फरक दारूच्या फरकाला गिळून टाकतो. काठाची जाडी मोजून वेगळं काढणारे आहेत, पण टेनेक्स, मिडास प्लस, आर ५० या वरच्या दर्जाच्या मॅच गोळ्यांत कारखान्यानेच ते काम बऱ्यापैकी केलेलं असतं. त्या वेळात चार ग्रुप जास्त झाडा.
आणि दाबलं, टिक वाजलं, बार उडाला नाही, तर तोंड टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबा, मग बोल्ट. आवाज नेहमीपेक्षा बसका आला तर पुढची गोळी घालायच्या आधी बोल्ट काढून नळीतून उजेड बघा. शिसं अडकलेल्या नळीत दुसरा बार म्हणजे नळी फुगली.

खानापूर_घाट
गोळ्या ठेवण्याबद्दल कुणी बोललंच नाही. वळवाच्या उन्हात गाडीच्या डिकीत डबे ठेवले की वरचं मेण मऊ होऊन एका बाजूला सरकतं, मग बार-बाराला वंगण वेगळं. घरात गार, कोरड्या कपाटात, मूळ डब्यात, कुलपात. स्पर्धेच्या दिवशी गोळ्या आणि रायफल दोन्ही सावलीत. डिसेंबरात सकाळी १५ अंश आणि दुपारी २८-२९ होतात आपल्याकडे, गोळीचा वेग बदलतो, साइटचं शून्य सरकतं. दुपारच्या डिटेलला (पाळीला) सायटिंग शॉट (आधीचे, गुण न धरले जाणारे बार) पूर्ण वापरा.

चिकोडी_अक्का
आणि रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुवा, मगच जेवणाचा डबा उघडा. शिसं आहे. रेंजची जमीन झाडूने झाडताना पाणी मारूनच.

टिळकवाडी_प्रोन
रविवारी पहाटे बसतो. तीन लॉट, प्रत्येकी चार ग्रुप, डबे झाकून. टॉर्क रेंच मात्र आपल्याकडे नाही. उद्यमबागवाल्या दादांकडे मिळेल काय?

उद्यमबाग_लेथ
मिळेल. मोठा नको, २ ते १० न्यूटन-मीटरचा आहे तो घेऊन जा. शनिवारी वर्कशॉप सहापर्यंत उघडं असतं. बिट मात्र तुमच्या रायफलीच्या स्क्रूचा तुमचा आणा, ढिला बिट घातला तर स्क्रूचं डोकं फिरेल.